डाव्या बाजूची पेटी

अकोल्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीची नजर जात चालली होती, आणि ते डॉक्टरच्या आधी मला कॉम्प्युटरवरच्या एका बंदुकीच्या खेळाने सांगितलं. ओळखायला मला तीन महिने लागले. त्यातले निदान दोन महिने आम्ही तिच्या आजाराला तिचं चांगलं वळण समजत होतो. हे सांगायचं तर आधी खेळाबद्दल सांगावं लागेल, कारण पन्नाशीच्या आसपासच्या दोन बायका, एक रोपं विकणारी आणि दुसरी हार विकणारी, बंदुका घेऊन बर्फात काय करत होत्या, असं कोणीही विचारेल.

अमरावतीत आमची रोपवाटिका आहे. मिरची, वांगी, टोमॅटो, झेंडू यांची रोपं आम्ही ट्रेमध्ये तयार करून विकतो. मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचा मोठा कॉम्प्युटर घरीच राहिला. फोनवर आमचं बोलणं दोन मिनिटांत आटपायचं. जेवलीस का? जेवले. गरम होतंय का? होतंय. एका रविवारी दुपारी ती म्हणाली, "आई, फोन ठेव आणि कॉम्प्युटर लाव. खेळता खेळता बोलू." मला वाटलं, पत्ते असतील.

एप्रिल संपत आलेला. बाहेर पत्रा तापून वाजत होता आणि कूलरमध्ये मी नुकतंच पाणी भरलं होतं. हेडफोन घातले, पडदा उजळला आणि समोर बर्फ होता. मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. चिखलदऱ्याचं धुकं, एवढीच माझी थंडी. इथे तर डोंगरच्या डोंगर पांढरे, आकाशात दोन चंद्र, त्यातला एक अर्धा तुटलेला, आणि त्याचे तुकडे तसेच लटकत राहिलेले. मी माउस हलवला तशी माझी मान वळली आणि मागे ते यंत्र उभं होतं. चार पायांचं, तीन मजली इमारतीएवढं. त्याने एक पाय उचलून टाकला आणि आजूबाजूचा सगळा बर्फ एकदम हलला. माझ्या हातून खुर्चीचा दांडा घट्ट धरला गेला.

"आई, गोळी नको मारू, ते आपलंच आहे," मुलगी कानात म्हणाली.

खेळ साधा आहे. हे यंत्र हळूहळू चालत खोऱ्यातून बंदरापर्यंत जातं. वाटेत चारही बाजूंनी जनावरं येतात, लांब पायांची, कोळ्यासारखी. चार माणसांनी चार बाजू सांभाळायच्या. कोणी खाली पडलं तर दुसऱ्याने जाऊन उठवायचं. एकट्याला काहीही करता येत नाही, कितीही हुशार असला तरी. चौथा माणूस आपला नसेल तर खेळ कुठूनतरी जोडून देतो. पहिल्याच दिवशी मी सहा वेळा पडले आणि सहाही वेळा एका अनोळखी माणसाने धावत येऊन मला उठवलं. त्याची भाषा मला कळत नव्हती. देश कोणता, तेही माहीत नाही. शेवटी बंदर आलं, यंत्र गुडघे टेकून बसलं, आणि तो माणूस माझ्यासमोर येऊन दोनदा वाकला. मग गेला. कूलरच्या वाऱ्यात मी पाच मिनिटं तशीच बसून होते. इतक्या लांबचा माणूस, माझ्यासाठी धावतो, काही मागत नाही आणि नाहीसा होतो. व्यवहारात मी असं काही पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मी बहिणीला ओढलं. ती अकोल्याच्या जुन्या शहरात राहते. पहाटे स्कूटरवर पूल ओलांडून फुलं आणायची, दुपारपर्यंत हार, गजरे, वेण्या करून विकायच्या, असं तिचं काम. तिचे यजमान लग्नाचे अल्बम डिझाइन करतात, म्हणून चांगला कॉम्प्युटर घरातच होता. ती आधी म्हणाली, "मी का पोट्टी हाव का आता?" मग एकदा तिने बर्फ पाहिला.  हळूच म्हणाली, "ताई, हे कोनं बनवलं असन व?"

त्या दिवसापासून रविवारी दोन ते चार आमची टोळी ठरलेली. यंत्राच्या पुढे मुलगी, उजवीकडे मी, डावीकडे बहीण, मागे जो येईल तो.

आता पेट्यांबद्दल. वाटेत जागोजागी गोळ्यांच्या पिवळ्या पेट्या पडलेल्या असतात. प्रत्येक पेटीत चार जणांपुरतं असतं. आम्ही दोघी बहिणी ज्या घरात वाढलो तिथे बायका शेवटी जेवायच्या आणि भांड्याचा तळ दिसला की पोट भरलं म्हणायच्या. आई आम्हाला सांगायची, पाहुण्यांसमोर पोळीच्या डब्याकडे बघायचंसुद्धा नाही. ते वळण चाळीस वर्षांनी बर्फात निघालं.

"तू घे व आधी."

"नाई ताई, तू घे. मले पुरते."

"तुह्या बंदुकीत किती हायेत?"

"हायेत दोन-चार."

"अवं, कोणीतरी घ्या ना!" मुलगी पुण्याहून ओरडायची. "ते येऊन राह्यले! मावशी, उचल!"

"तुले राहू दे, बाई. तू लांबून आली," बहीण भाचीला म्हणायची.

आम्ही मरायचो. चौघंही. भरलेल्या पेटीच्या भोवती. मागचा अनोळखी माणूस पेटीपाशी उड्या मारून दाखवत असायचा की बायांनो, हे बघा, हे इथे आहे. मुलगी हसून हसून खुर्चीवरून पडली असेल. म्हणाली, "जगात या गेममध्ये लोक गोळ्या संपल्या म्हणून मरतात. तुम्ही दोघी पहिल्या, ज्या संकोचाने मेल्या."

महिन्याभरात मी सुधारले. गोळी नसलेला माणूस टोळीला ओझं असतो, हे मला पटलं. पेटी दिसली की मी घ्यायला लागले, आणि सांगते, त्यात मजा होती. बहीण मात्र सुधारली नाही. तिच्या डावीकडच्या पेट्या जशाच्या तशा मागे राहायच्या. ती शेजारून चालत जायची.

"मावशी, पेटी सोडली."

"तुमच्यासाठी ठेवली ना."

दर रविवारी हेच. मुलगी मला म्हणायची, आजीने मावशीला जास्त घासलंय. मला तर थोडं कौतुकच वाटायचं. मी बदलले, ही नाही बदलली.

खेळाच्या उणिवाही लिहिल्या पाहिजेत, कारण त्यांच्याशिवाय पुढचं घडलं नसतं. खेळ थांबवता येत नाही. कुकरची शिट्टी झाली, गिऱ्हाईक आलं, फाटकातून गाय आत शिरली, तरी यंत्र चालत राहतं. लाइट गेली की तासाभराची मेहनत गेली, आणि आमच्याकडे लाइट जाते. खोरी म्हणाल तर तीनच. आठव्या रविवारी कोणत्या दगडामागून काय निघणार, हे मला पाठ झालं होतं. टोप्या आणि कपडे विकायचं दुकान मात्र दर आठवड्याला नवं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ज्याने मोहीम सुरू केली त्याला वाटेल त्याला काढता येतं. कारण विचारत नाहीत, परत यायची वाट नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही एका हिंदी बोलणाऱ्या तरुणाच्या मोहिमेत जोडले गेलो. पोरगा चांगला खेळत होता. बंदर समोर दिसत होतं. डावीकडून दोन जनावरं आली आणि बहिणीच्या अगदी बाजूने जाऊन यंत्राच्या पायाला भिडली. तिने बंदूकही वळवली नाही.

"दीदी, लेफ्ट कौन देख रहा है?"

"मी पाहून राह्यली," बहीण म्हणाली, मराठीतच.

पुन्हा दोन आली. पुन्हा तसंच. तो वैतागला. "अंधी है क्या? लेफ्टवाली को निकाल रहा हूँ यार." आणि पडद्यावर ओळ आली की तिला काढण्यात आलं आहे. बंदर तीस पावलांवर होतं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलीने माझा माइक बंद करायला सांगितला.

मी लगेच फोन लावला. ती रडत नव्हती. ती रडणाऱ्यांतली नाही.

"मी सोडून राह्यली हा गेम, ताई. लोकं कायबी बोलतात."

"जाऊ दे त्याले. पन तू मारलं काहून नाई? तुह्या अंगावरून गेले थे."

"कुठून गेले? मले दिसलेच नाई. कोनीच नव्हतं ना तठी."

ती चिडून बोलत होती, पण खोटं बोलत नव्हती. लहानपणापासून मी तिला ओळखते. खोटं बोलताना ती आधी "देवाशपथ" म्हणते.

संध्याकाळी मी ट्रेना पाणी देत होते आणि डोक्यात तेच घोळत होतं. मोहीम संपली की खेळ एक तक्ता दाखवतो, कोणाचा नेम किती बसला, कोण किती वेळा पडलं. नेम बहिणीचा सगळ्यांत चांगला असायचा, माझ्या मुलीपेक्षाही. पडायचीही सगळ्यांत जास्त तीच. हे जुळत नव्हतं. आमच्या धंद्यात एक गोष्ट शिकलेली असते. ट्रेमधली रोपं इकडे-तिकडे कशीही सुकली तर दोष बियाण्यात शोधायचा. पण एकाच बाजूने ओळीने सुकली आणि बाकीची टवटवीत असली, तर बियाणं चांगलं आहे, पाण्याची वाट कुठेतरी बुजली आहे. बहीण कुठे मार खायची? डावीकडून. कोणत्या पेट्या सोडायची? डावीकडच्या. उजवीकडची एकही पेटी तिने सोडलेली मला आठवेना. संकोच काय एकाच बाजूला असतो?

मी पाइप खाली ठेवला. मग आणखी आठवलं. गेल्या दिवाळीत तिने स्कूटर फाटकाला घासली होती, डाव्या बाजूने. पायरी चुकून घोटा मुरगळला होता. आम्ही म्हणालो, घाई करते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी अकोल्याला गेले. तिला सांगितलं नाही, नाहीतर तिने घर झाडून ठेवलं असतं आणि विषय बदलला असता. ती शेवंतीचा ढीग पुढ्यात घेऊन बसली होती. सुईत दोरा ओवला, एका झटक्यात, चष्म्याशिवाय. माझा विश्वास डळमळला. जिला सुईचं भोक दिसतं तिला काय झालं असणार?

"काहून आली व अचानक?"

"गेम लाव."

"येडी झाली का तू? सोमवारी?"

"लाव म्हणते ना."

तिने लावला. मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. पडद्यावर बर्फ, यंत्र, वाट. डाव्या कोपऱ्यात, खाली, पिवळीजर्द पेटी आली. इतकी मोठी की मला ती खोलीच्या दारातूनही दिसली असती. बहीण चालत राहिली.

"थांब. पेटी कुठी हाये?"

"कोणती पेटी?"

"तुह्या पुढ्यात."

ती शोधू लागली. मान वळवली तशी पेटी मधोमध आली आणि ती दचकली. "अवं माय! ही आत्ता आली का?"

मी तिला पडद्याच्या मधल्या ठिपक्याकडे बघत राहायला सांगितलं आणि तिच्या डाव्या गालापासून हातभर अंतरावर, थोडी खाली, दोन बोटं हलवली. "किती बोटं हायेत?"

"कोणती बोटं?" ती म्हणाली.

तिच्या घरात सकाळचा उजेड भरपूर होता. त्या उजेडात माझी बोटं हलत होती आणि ती शांतपणे विचारत होती, कोणती. 

ती लगेच निघायला तयार नव्हती. "गणपती होऊ दे. झेंडूच्या ऑर्डरी हायेत. मंग नवरात्र हाये, दसरा होऊ दे, मंग जाऊ." तिच्या यजमानांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि ते चहा ठेवायला आत गेले. मी खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

"थे काय करते?"

"डॉक्टर म्हनन तं देईन. नाई तं किल्ली मीच नेते अमरावतीले. चल, रिक्षा बोलाव."

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी डोळ्यातला दाब मोजला, आत दिवा टाकून पाहिलं आणि एका यंत्राच्या खोलीत पाठवलं. आत एक मोठा पांढरा वाडगा आडवा ठेवलेला. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक ठिणग्या चमकतात. ठिणगी दिसली की हातातलं बटण दाबायचं. सूचना ऐकून बहीण मोठ्याने म्हणाली, "ताई, हे तं आपलंच काम हाये!" तिथली तपासणी करणारी मुलगी गोंधळून माझ्याकडे बघू लागली.

मी त्या मुलीच्या मागे बसले होते. तिच्या पडद्यावर कळत होतं की ठिणगी कुठे चमकली. मधे चमकली, बटण वाजलं. उजवीकडे वर, वाजलं. डावीकडे खाली, शांत. पुन्हा तिथेच, जास्त तेजाने, तरी शांत. बहीण जीव लावून बसली होती, अंगठा बटणावर ताणलेला, नेम धरताना धरते तसा श्वास धरून. तिच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर दिवे लागत होते आणि विझत होते.

काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. कागदावरच्या गोलाच्या डाव्या-खालच्या भागात काळे डाग होते, शाई सांडल्यासारखे.

"पण मला काळं कुठे दिसतं?" बहिणीने त्यांना विचारलं. "सगळं तर चांगलं दिसतंय."

डॉक्टर म्हणाल्या, काळं दिसत नाहीच. जिथली नजर गेली तिथे मेंदू स्वतःच काहीतरी भरून टाकतो, आजूबाजूला जे असेल ते. म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. मधली नजर शाबूत असते, सुई ओवता येते, पेपर वाचता येतो.

हे मला अजून पेलत नाही. पेटी असायची तिथे तिला बर्फ दिसत होता. जनावरं येत होती तिथे मोकळं मैदान दिसत होतं, आणि ते मैदान तिचंच डोकं तिला काढून देत होतं, इतकं बेमालूम की तिला शंकाही आली नाही. खेळ बनवणाऱ्या शेकडो माणसांनी संगणक लावून जो बर्फ तयार केला, तसाच बर्फ हार विकणाऱ्या एका बाईच्या डोक्यात आपसूक तयार होत होता. पुलावर तिच्या डावीकडून किती ट्रक गेले असतील, ज्यांच्या जागी तिला रिकामा रस्ता दिसला, हे मी एकदाच मनात आणलं आणि पुन्हा आणलं नाही.

गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखता येईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रोज दोन वेळा थेंब, जन्मभर. सहा महिन्यांनी पुन्हा हीच तपासणी. गाडी बंद. सख्ख्या बहिणीला असलं की आपल्यालाही असू शकतं, म्हणून माझेही डोळे त्यांनी तपासले. माझे ठीक निघाले. तेव्हा मला आनंद झाला नाही, लाज वाटली.

डोळ्यांपेक्षा गाडीचं तिला जास्त लागलं. आता पहाटे यजमान तिला मागे बसवून फुलबाजारात नेतात. "त्याईले भाव करताच येत नाई," ती फोनवर तणतणते. "फुलवाला जे म्हणते त्याले हाव म्हणते हा माणूस!" म्हणून भाव तीच करते, यजमान पिशवी धरतात.

खेळ आम्ही सोडला नाही. मुलीच्या सांगण्यावरून बहिणीने खुर्ची हातभर मागे घेतली. पडदा लहान दिसला की त्याच्या कडा उरलेल्या नजरेत मावतात. ती आता पुढे असते, जिथे तिच्या नेमाचा उपयोग होतो, आणि डावी बाजू मी घेतली. मोहीम नेहमी मुलगीच सुरू करते, म्हणजे काढायचा अधिकार घरात राहतो. त्या खेळात शिरस्त्राणाला रंग चाळीसेक असतील, पण जनावर आलं की पडद्याच्या कडेला जो इशारा चमकतो, तो मध्यावर आणायची सोय नाही. मुलीने बनवणाऱ्यांना तसं लिहिलं. यंत्राने पाठवल्यासारखं उत्तर आलं, आभार मानणारं. सोय अजून झालेली नाही. असं असूनही तो बर्फ समोर उघडला की बघत राहावंसं वाटून अजूनही माझा हात क्षणभर थांबतो.

फेब्रुवारीत दुसरी तपासणी झाली. मी आदल्या दिवशीच अकोल्याला गेले. वाडग्यासमोर बसताना या वेळी ती काही बोलली नाही. मीही तपासणी करणाऱ्या मुलीच्या मागे बसले नाही, बाहेर थांबले. डॉक्टरांनी जुना आणि नवा कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरला. डाग डागावर बसले.

"वाढलं नाही," त्या म्हणाल्या.

बहिणीने दोन्ही कागद हातात घेतले, मान थोडी डावीकडे करून नीट पाहिले. "थेंब एकदा चुकला होता," ती म्हणाली. "संक्रांतीच्या दिवशी. तिळगुळाच्या गडबडीत."

"पुन्हा चुकवू नका."

"नाही चुकवणार. आणि गाडी?"

"गाडी नाही."

"गल्लीतल्या गल्लीत?"

"नाही."

तिने मान हलवली, कागद घडी करून पिशवीत ठेवले. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद. ती माझ्यापुढे होती. कठड्यावर हात ठेवून ती प्रत्येक पायरीला पूर्ण मान खाली वळवत होती, आधी पायरी बघायची, मग पाय टाकायची. मागून एक माणूस घाईत आला, त्याला तिने "थांबा जरा" म्हटलं आणि तो थांबला. मी हात पुढे केला नाही. तिने मागितला नव्हता आणि तिला तो लागलाही नाही.